पोलादपूरचा थर : आधीचा की नंतरचा?

‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या २२ फेब्रुवारी २०१९ च्या अंकात पान ८६६ वर एक शोधलेख संपतो आणि त्याच पानावर दुसरा सुरू होतो. दोन्ही लेख दख्खनच्या लाव्हाबद्दल आहेत. इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही आपली नावे दोन्हींत रोमन लिपीत भेटतात. दोन्ही चमूंनी सह्याद्रीच्या त्याच घाटांतून नमुने उचलले. पहिला लेख म्हणतो, लाव्हा चार मोठ्या उसळ्यांनी आला आणि त्यांतली एक उसळी मेक्सिकोत उल्का आदळण्याच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाली होती. दुसरा म्हणतो, सुट्या, वेगळ्या काढता येतील अशा मोठ्या उसळ्या नव्हत्याच, आणि एकूण लाव्हापैकी सुमारे ७५ टक्के लाव्हा उल्कापातानंतर आला. म्हणजे डायनोसॉर संपले तेव्हा सह्याद्रीचा मोठा भाग अजून रचला जायचा होता.

हे दोन लेख शेजारी ठेवून वाचावेत, एखाद्या कादंबरीची दोन परीक्षणे वाचावीत तसे, हा या टिपणाचा हेतू. मी भूवैज्ञानिक नाही. जवळा बाजारला माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात, आणि मोटारीसोबत विहिरीची हकिकतही येते : किती परस खोल, काळा पाषाण किती लागला, गेरू कुठे लागला. या हकिकती ऐकताऐकता दगडांचा नाद लागला. इंग्रजी शोधलेख वाचायला मी चाळिशीनंतर शिकलो, कोश उशाशी घेऊन. हे दोन लेख पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने छापून आणून दिले होते.

ते हातात पडण्याआधीच माझ्याकडून एक चूक होऊन गेली. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, जवळच्या एका शाळेत माझे भाषण होते. लेख येऊन सहा दिवस झाले होते, मी फक्त बातम्या वाचल्या होत्या. मी ठोकून दिले, की आपल्या सह्याद्रीचा ज्वालामुखी उल्केच्या आधी भडकला होता, आता ते सिद्ध झाले आहे, डायनोसॉरचा खरा मारेकरी आपल्या पायाखाली आहे. टाळ्या पडल्या. मग सातवीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, तो मापलेला दगड आपल्याकडच्या विहिरीतला होता का?” मी म्हणालो, “नाही बाळा, घाटातला.” ती म्हणाली, “मग आपला कधीचा?” मी म्हणालो, “तेवढाच.” तिने मान हलवली आणि खाली बसली. घरी येताना मला कळले, की ‘तेवढाच’ हे मी कुठेही वाचलेले नाही.

आता लेखांकडे. पहिल्याचे मुख्य लेखक प्रिन्स्टनचे ब्लेअर शोन. त्यांच्या चमूत गर्टा केलर आहेत आणि आपल्याकडचे अमरावती विद्यापीठाचे सय्यद खादरीही. दुसऱ्याच्या मुख्य लेखिका कोर्टनी स्प्रेन. सोबत बर्कलीचे पॉल रेनी, मुंबईच्या आयआयटीचे कांचन पांडे आणि इतर. पहिल्या चमूने वय काढले झिर्कॉनवरून, दुसऱ्याने प्लॅजिओक्लेजवरून. सगळा वाद या दोन खनिजांच्या स्वभावात आहे. बातम्यांतून नेमका तोच गळाला होता.

झिर्कॉन म्हणजे झिर्कोनियम आणि सिलिका यांचा स्फटिक. आपल्याकडच्या सराफाकडे राहूचा खडा म्हणून गोमेद मिळतो, तो बहुधा गार्नेटच्या कुळातला असतो, पण काही जण झिर्कॉनलाच गोमेद म्हणतात. शोन यांचे झिर्कॉन अंगठीत बसणारे नव्हेत. ते डोळ्यांना दिसतही नाहीत. मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचे किंवा त्याहून बारीक दाणे. स्फटिक घडताना झिर्कोनियमच्या जागी थोडे युरेनियम शिरते, शिशाला मात्र तिथे जवळपास मज्जाव असतो. पुढे युरेनियमचे शिशात रूपांतर होत राहते. म्हणजे आज दाण्यात जे शिसे सापडते ते, थोडेबहुत बाहेरचे वजा जाता, आतच तयार झालेले. युरेनियम-२३८ अर्धे व्हायला ४४६.८ कोटी वर्षे लागतात आणि त्याचे शिसे-२०६ होते; युरेनियम-२३५ अर्धे व्हायला ७०.४ कोटी वर्षे, त्याचे शिसे-२०७. एकाच दाण्यात दोन घड्याळे, वेगवेगळ्या गतीची. दोघांची वेळ जुळली तर दाणा शाबूत राहिला असे समजायचे.

यांना आपण समस्थानिक म्हणतो. शब्द चांगला आहे. इंग्रजीत तो १९१३ साली फ्रेडरिक सॉडी यांना मार्गारेट टॉड या डॉक्टर असलेल्या लेखिकेने सुचवला होता, ‘तीच जागा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून. मूलद्रव्यांच्या तक्त्यात जागा एक, वजन वेगळे. मराठीने तो तंतोतंत उचलला. आमच्याकडे शब्द असे चोख होतात, त्यामागचे आकडे मात्र वाटेत सांडतात. त्याबद्दल पुढे.

साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासच्या दाण्यात युरेनियम-२३८ च्या शंभर अणूंपैकी जेमतेम एकाचे शिसे झालेले असते. मुळात दाणा नखाच्या धुळीएवढा. त्यातले शिसे ग्रॅमच्या अब्जांश भागाच्याही खूप खाली जाते. ते मोजायचे, आणि तेही अशा जगात जिथे हवेतल्या धुळीतही शिसे आहे. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले, तेव्हा त्यांची बरीच वर्षे प्रयोगशाळेतले हे परके शिसे हाकलण्यात गेली होती. पेट्रोलमधल्या शिशाविरुद्धची त्यांची लढाई त्यातूनच निघाली. शोन यांच्या पद्धतीत आधी दाणा तापवतात, मग आम्लात घालून त्याचा खराब झालेला, शिसे गळालेला भाग खाऊन टाकतात. उरलेला चांगला भाग विरघळवतात, त्यात ज्ञात प्रमाणाचे कृत्रिम समस्थानिक मिसळतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये अणूंचे गुणोत्तर मोजतात. मोजमाप झाले की दाणा संपला. त्याला दुसऱ्यांदा विचारता येत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो माझाही होता. सूक्ष्म म्हणजे अचूक असे मला वाटे. आयनांचा बारीक झोत दाण्यावर मारून वीस-तीस मायक्रॉनच्या ठिपक्यापुरते समस्थानिक मोजणारी यंत्रे आहेत, आणि त्यांनी थक्क करणारी कामे केली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या एका दाण्याचा एक भाग ४४०.४ कोटी वर्षांचा निघाला, २००१ मध्ये. सिंहभूम पट्ट्यातल्या, ओडिशातल्या चंपुआजवळच्या खडकात ४२४ कोटी वर्षांपर्यंतचे दाणे असल्याचे त्रिस्रोता चौधुरी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडले. अशा दाण्यांना कांद्यासारखे पापुद्रे असतात, गाभा एका काळाचा आणि कड दुसऱ्या काळाची. तिथे ठिपक्याशिवाय इलाज नाही. पण ठिपक्याची अचूकता साधारण एखाद्या टक्क्याची. सहा कोटी साठ लाखांचा एक टक्का म्हणजे सहा लाख साठ हजार वर्षे. शोन यांच्याच २०१५ च्या लेखानुसार दख्खनचा मुख्य लाव्हा, अकरा लाख घनकिलोमीटरहून अधिक, सुमारे साडेसात लाख वर्षांत आला. म्हणजे ठिपक्याने मापले तर जवळपास सगळा सह्याद्री एका फटीत मावतो. म्हणून इथे दाणा अख्खा किंवा त्याचा तुकडा विरघळवावा लागतो. कोणत्या प्रश्नाला कोणते माप, हे मोटारीच्या तारेला गेज ठरवण्यासारखेच आहे. बारीक तार घेतली म्हणून वाइंडिंग चांगले होत नाही.

आता खरी अडचण. बेसाल्टमध्ये झिर्कॉन सहसा होतच नाही. काळा पाषाण सिलिकाने गरीब, त्याच्या रसात झिर्कॉन जमायला परिस्थिती नसते. मग शोन यांना दाणे कुठे मिळाले? मुख्यतः गेरूत. दोन लाव्हाथरांच्या मधे जो तांबडा पट्टा असतो, आमच्याकडे विहीर खणताना लागतो आणि ढासळतो म्हणून ज्याला रिंगा टाकाव्या लागतात, त्यात. एक लाव्हा येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला त्याची ती माती. त्या काळात कुठल्या तरी दुसऱ्या, सिलिकाने श्रीमंत ज्वालामुखीची राख हवेतून येऊन तिच्यात पडली आणि राखेसोबत झिर्कॉन आले, असा त्यांचा युक्तिवाद.

हे वाचले तेव्हा मी लेख बाजूला ठेवला. ज्या दाण्याच्या जोरावर मी लाव्हाचे वय मुलांना सांगून आलो तो दाणा लाव्हाचा नव्हताच. तो खालच्या थरानंतर आणि वरच्या थराआधी येऊन पडलेला पाहुणा. त्याचे वय अचूक, पण ते त्याचे स्वतःचे वय. शिवाय दाणा ज्या दिवशी उडाला त्या दिवशी जन्मला असेही नाही. शिलारसाच्या कोठारात तो हजारो वर्षे आधीच तयार होऊन बसलेला असू शकतो. शोन हे लपवत नाहीत. एका पट्ट्यातल्या अनेक दाण्यांच्या वयांवरून ते राख पडण्याचा काळ गणिताने काढतात, आणि खालचा पट्टा वरच्याहून जुना असलाच पाहिजे हा साधा नियमही त्या गणितात घालतात. सगळे व्यवस्थित सांगितले आहे. पण ते सांगितले आहे लेखाच्या आतड्यात, आणि जगाने वाचला तो सारांश.

स्प्रेन यांचा साक्षीदार उलट प्रकारचा. प्लॅजिओक्लेज हा बेसाल्टचाच घटक, लाव्हासोबत जन्मलेला. त्यातल्या पोटॅशियम-४० चा ऱ्हास होऊन अर्गॉन-४० वायू साठतो. नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवतात, म्हणजे पोटॅशियम-३९ पैकी काहींचे अर्गॉन-३९ होते. मग दोन अर्गॉनांचे गुणोत्तर मोजले की पोटॅशियम वेगळे मोजायची गरज उरत नाही. युक्ती सुंदर आहे. पण भट्टीत शेजारी वय ठाऊक असलेला दुसरा दगड ठेवावा लागतो आणि सगळे उत्तर त्या दगडाच्या वयावर उभे राहते. त्यात दख्खनच्या प्लॅजिओक्लेजमध्ये पोटॅशियम फारच थोडे, त्यामुळे अर्गॉन थोडा, त्यामुळे उत्तर ढिले. एखाद्या भावकीच्या तंट्यात घरातला साक्षीदार विसरभोळा असावा आणि दारावरून गेलेल्या पाहुण्याची आठवण मात्र धारदार असावी, तसा हा प्रकार. न्यायाधीशाने कोणाचे ऐकावे?

तंटा नेमका कुठे आहे तेही पाहू. दोन्ही चमू घाटातल्या थरांची तीच उतरंड मानतात. दगडाच्या रासायनिक घडणीवरून थरांना गावांची नावे देण्याचे काम १९८० च्या दशकात झाले होते, त्यात मुंबईच्या आयआयटीच्या के. व्ही. सुब्बाराव यांचा मोठा वाटा. या उतरंडीत बुशे थराच्या वर पोलादपूर, त्यावर आंबेनळी, त्यावर महाबळेश्वर. पोलादपूरपासून वरचे हे थर सर्वांत थोराड. स्प्रेन यांच्या आकड्यांनुसार उल्कापाताची रेघ बुशे आणि पोलादपूर यांच्या सांध्याच्या आसपास पडते. तसे असेल तर पोलादपूर आणि वरचे सगळे नंतरचे, म्हणून ७५ टक्के. शोन यांच्या मते पोलादपूरची उसळी आधीच सुरू झाली होती. बाकी सगळा गदारोळ वजा केला तर मुद्दा एवढाच उरतो : महाडहून महाबळेश्वरला चढताना पायथ्याशी जे गाव लागते, त्याच्या नावाचा थर आधीचा की नंतरचा.

आणि फरक किती वर्षांचा? काही दशसहस्र. तीस हजार धरा. सहा कोटी साठ लाखांत तीस हजार म्हणजे ६६ वर्षांच्या माणसाच्या आयुष्यातले अकरा दिवस. अकरा दिवसांचा वाद घालता येतो याचेच आधी कौतुक करायला हवे. १९७० च्या दशकात याच दगडांची वयेच कोट्यवधी वर्षांनी इकडेतिकडे पडत. पण कौतुक करून झाले की विचारायला हवे, या अकरा दिवसांवर आपण केवढे घर बांधतो?

रेनी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्या सीमारेषेचे वय अर्गॉनने काढले. आपल्या पद्धतीने लिहिले तर ते असे : ६ कोटी ६० लाख ४३ हजार वर्षे, ११ हजार इकडे किंवा तिकडे. ही ११ हजारांची मुभा त्याच पद्धतीने मापलेल्या दोन दगडांची तुलना करताना चालते. अर्गॉनच्या घड्याळाची तुलना युरेनियमच्या घड्याळाशी करायची तर ऱ्हासाच्या गतीतली अनिश्चितताही धरावी लागते, आणि मुभा ४३ हजारांवर जाते. म्हणजे दोन घड्याळांमधलीच फट वादाच्या विषयाएवढी. शोन यांना हे ठाऊक आहे, म्हणून त्यांनी सीमारेषेसाठीही झिर्कॉनचेच वय घेतले, कोलोरॅडोतल्या डेन्व्हर खोऱ्यातल्या राखेचे. ही त्यांची सावधगिरी मला फार आवडली. स्प्रेन यांचीही बाजू तितकीच घट्ट आहे : त्या स्वतः लाव्हाला विचारतात, मधल्या मातीला नाही.

शीर्षके पाहा. शोन यांच्या शीर्षकात ‘उसळ्यांनी झालेला उद्रेक’ हे शब्दच आहेत. निकाल दारावर टांगलेला. स्प्रेन यांच्या शीर्षकात ‘उद्रेकाची लय’ आहे. शब्द मोकळा, निकाल आत. आलेखांतही हाच स्वभाव उतरला आहे. शोन यांचा आलेख उद्रेकाचा वेग दाखवतो, तो चार शिखरे होऊन डोळ्यांत भरतो. स्प्रेन लाव्हाचे साठत गेलेले घनफळ दाखवतात, तिथे एक चढती रेघ दिसते. तीच माहिती वेगाच्या रूपात मांडली तर डोंगर, साठ्याच्या रूपात मांडली तर चढण. पुढे २०२१ मध्ये शोन आणि काही सहकाऱ्यांनी दोन्ही चमूंचे आकडे एकाच पद्धतीच्या गणितातून काढून पाहिले आणि मान्य केले, की त्रुटीच्या मर्यादा नीट धरल्या तर दोन्ही संच एकमेकांशी फारसे भांडत नाहीत. भांडण बरेचसे मांडणीचे होते. त्यांनी आपल्या उसळ्या सोडल्या नाहीत, पण शेजाऱ्याचे आकडे आपल्या चौकटीत बसवून दाखवले. समीक्षक म्हणून मला हा तिसरा लेख पहिल्या दोघांहून मोठा वाटतो. त्याची बातमी माझ्या वाचनात तरी आली नाही. भांडण मिटल्याची बातमी कोण छापतो?

असाच जोडलेख १९८८ मध्ये ‘नेचर’मध्येही आला होता. रॉबर्ट डंकन आणि डग्लस पाइल यांचा लेख पान ८४१ वर, आणि तो संपतो त्याच ८४३ व्या पानावर व्हिन्सेंट कूर्तियो आणि मंडळींचा सुरू होतो. तेव्हा दोघे एकाच बाजूचे होते : दख्खनचा लाव्हा झपाट्याने आला आणि क्रिटेशसच्या अखेरीस आला. दोन चमूंचे एकमत झाले तेव्हा माप जाडे होते. माप बारीक झाले आणि मतभेद दिसू लागले. यात कोणाचाही दोष मला दिसत नाही.

दोष दिसतो तो आपल्या भाषेतल्या व्यवहारात, आणि त्यात मी स्वतःला आधी धरतो. मराठीत दख्खनच्या पठाराबद्दल वाचाल तिथे ‘साडेसहा कोटी वर्षांपूर्वी’ हे शब्द भेटतील. गॅझेटिअरच्या थाटाच्या पुस्तकांत, किल्ल्यांवरच्या लेखांत, लेण्यांच्या माहितीफलकांवर. ‘साडेसहा’ हा आकडा आला जुन्या ६५ दशलक्षावरून. जागतिक कालगणनेत ती सीमा केव्हाच ६६ वर सरकली. आपण म्हणू, एका दशलक्षाने काय बिघडते? दशलक्ष म्हणजे दहा लाख वर्षे, आणि स्प्रेन यांच्या लेखानुसार दख्खनचा ९० टक्क्यांहून अधिक लाव्हा दहा लाखांपेक्षा कमी वर्षांत आला. म्हणजे ‘साडेसहा कोटी’ म्हणताना आपण ज्या क्षणाकडे बोट दाखवतो, त्या क्षणी सगळा तमाशा उरकून राहुट्याही उठलेल्या असतात. आपण मोकळ्या मैदानाकडे बोट दाखवत आहोत. गंमत म्हणजे मराठी अंकमोजणी या कामाला इंग्रजीहून सोयीची आहे. ‘६ कोटी ६० लाख ४३ हजार’ म्हटले की कोटी, लाख, हजार तिन्ही पायऱ्या दिसतात आणि शंका कोणत्या पायरीवर आहे हेही दिसते. बाजार समितीच्या काट्यावर हळदीचे पोते क्विंटल-किलोपर्यंत तोलून घेणारा माणूस ‘इकडे किंवा तिकडे अकरा हजार’ हे समजू शकणार नाही, असे आम्ही लिहिणारे कशावरून ठरवतो? मी शाळेत ते गाळले ते मुलांना झेपणार नाही म्हणून नव्हे. मला टाळ्या हव्या होत्या, आणि ‘अधिक-उणे’ म्हटले की टाळ्या पडत नाहीत.

आता त्या मुलीचा प्रश्न. २०१९ च्या दोन्ही लेखांतला वयाचा सांगाडा पश्चिम घाटाचा. हे समजण्याजोगे आहे. घाटात एकावर एक थर कापून ठेवलेले मिळतात, रस्त्याने चढत चढत नमुने घेता येतात. आमच्याकडे जमीन सपाट, थर जमिनीच्या पोटात. पण ते ‘७५ टक्के’ कशाचे? घनफळाचे. आणि घनफळ घाटापुरते मोजून भागत नाही. कोणता थर किती दूरवर पसरला होता याचा अंदाज घेऊन ते काढावे लागते. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग या लाव्हाखाली आहे आणि त्यात परभणी-हिंगोली येते. थोडक्यात, घनफळ मोजताना आम्ही हिशेबात आहोत, वय मोजताना नाही. मराठवाड्याला हे नवे नाही, पण तो विषय वेगळा.

लाव्हा किती दूर गेला असेल याचा एक दाखला पाहिला की या अंदाजातली जोखीम कळते. आंध्रात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठी बेसाल्टचा एक सुटा तुकडा आहे. त्याची रासायनिक घडण आंबेनळी आणि महाबळेश्वर थरांशी जुळते. स्टीफन सेल्फ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडले, की हा लाव्हा पश्चिमेकडून हजारेक किलोमीटर वाहत, जुन्या नद्यांच्या दऱ्या धरून तिथे पोहोचला असावा. मधल्या वाटेवर कोणता थर कुठे आहे हे दगडा-दगडाला विचारूनच ठरेल. माळव्याच्या पठाराला हा प्रश्न विचारला गेला आहे. मायकेल एडी, शोन आणि इतरांचा २०२० चा लेख तिथल्या झिर्कॉनांवर आहे आणि दख्खनच्या सर्वांत आधीच्या लाव्हांचा शोध तिथे लागतो. घाटाचे वय सरसकट सगळीकडे चालत नाही, हे त्या एका लेखाने दाखवले. मी शाळेत ‘तेवढाच’ म्हणालो ते किती उथळ होते याचा पुरावा मला असा उशिरा मिळाला.

आमच्या भागाला खालून विचारण्याचा प्रसंग आला तो दुःखाचा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हलली आणि दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली. त्या रात्री आम्हीही घराबाहेर होतो. पुढे तिथे ६१७ मीटर खोल भोक पाडण्यात आले. ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली आठेक मीटर जुना गाळ, मग ग्रॅनाइटी पाया. कोयनेच्या परिसरातही अशीच भोके घेतली. तिथल्या पायातल्या झिर्कॉनांची वये सुमारे २७० कोटी वर्षांची निघाली. ज्या काळ्या जमिनीला आपण आदिम म्हणतो ती त्या पायावर परवा टाकलेल्या फरशीसारखी आहे. हा पाया पाहायला भोक पाडायलाच हवे असे नाही. नांदेड ओलांडून देगलूरच्या बाजूला गेलात की बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइटचे गोलमटोल धोंडे उघड्यावर येतात. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात धक्के बसले, तेव्हा दुकानात आलेल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, “खाली हाय तरी काय?” मी हे ३३८ मीटर आणि आठ मीटर सांगत बसलो. आकडे तिथले आहेत, आपल्या खालचे नाहीत, हेही या वेळी सांगितले.

औंढ्याजवळ आता लायगोची वेधशाळा होऊ घातली आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी फरक पडला तर तो टिपायचा, असे तिचे काम. तीही याच काळ्या पाषाणावर उभी राहणार, आणि नागनाथाचे मंदिरही याच पाषाणाचे. त्या पाषाणाचे वय मात्र आम्ही अजून घाटातून उसने आणतो.

या मे महिन्यात औंढा रस्त्याच्या एका शेतात विहिरीचे काम चालू होते. मोटार बघायला गेलो तर चाळीसेक फुटांवर गेरू लागलेला, वीतभर जाडीचा, ओला, विटकरी. क्रेनवरचा पोरगा म्हणाला, “काका, हे बगा, तुमचं औषध लागलं.” मी खताच्या रिकाम्या पिशवीत तो भरून घेतला, पिशवीवर शेताचा गट नंबर, खोली आणि तारीख लिहिली. मालकाने विचारले, “कितीक जुना असंल?” मी म्हणालो, “भाऊ, घाटातला सहा कोटी साठ लाखांच्या आगेमागे मापलाय. हा मापायचा राहिलाय.” त्यांना उत्तर पुरेसे वाटले असावे. त्यांनी थोडा गेरू ओट्याला सारवायला बाजूला काढून ठेवला आणि रिंगा कधी येणार याची चौकशी करायला फोन लावला.